बाळसं

चौथ्या दिवशी सकाळी नातीचं वजन केलं तेव्हा काटा २ किलो ६०० ग्रॅमवर थांबला. जन्मली तेव्हा ती २ किलो ८०० होती. खोलीत आम्ही पाच जण होतो, पाचही एकदम गप्प झालो. मग कुणीतरी अशा वेळी हमखास म्हटलं जाणारं वाक्य म्हटलं, ‘दूध पुरत नाहीये तिला.’ तासाभरात ‘वरचं दूध’ सुरू करण्याची चिठ्ठी हातात आली. माझी लेक काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दोनशे ग्रॅम म्हणजे जन्मवजनाच्या साधारण सात टक्के. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन घटतं. पोटात असताना अंगात साठलेलं जादा पाणी निघून जातं, काळी शी होऊन जाते. घट दहा टक्क्यांच्या आत असली, बाळ नेटानं ओढत असलं आणि दुपटी ओली होत असली, तर दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते पुन्हा जन्मवजनावर येतं. चिकाचं दूध सुरुवातीला चमच्या-दोन चमच्यांचंच असतं, कारण बाळालाही तेव्हा एका वेळी तेवढंच लागतं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या मला हे ठाऊक होतं. तरी मी त्या सकाळी तोंड उघडलं नाही. ते अजून बोचतं. वाढ म्हणजे काय, ती कशावर ठरते, हे मी नंतर जे वाचत गेले त्याच्या मुळाशी ती सकाळ आहे.

मराठीत बाळाच्या वाढीला स्वतंत्र शब्द आहे, बाळसं. तो लठ्ठपणा नव्हे. गालांत, मांड्यांच्या वळ्यांत, मनगटाला दोरा बांधल्यासारख्या पडणाऱ्या खाचेत जे दिसतं ते बाळसं. ते ‘येत’ नाही, बाळ ते ‘धरतं’, जसं झाड फळ धरतं. आणि सूज म्हणजे बाळसं नव्हे, हेही आपली भाषा बजावून सांगते. घरातली म्हातारी माणसं बाळसं डोळ्यांनी जोखत, पण आकड्यात कधी सांगत नसत. बाळ तराजूत घालायचं म्हणजे दृष्ट लावून घ्यायची. कुणी ‘काय गुटगुटीत आहे गं!’ म्हणालं की लगेच तीट. ज्या घरांतले पाळणे हलता हलता रिकामे होत, त्या घरांनी आकड्याला भ्यावं यात मला अडाणीपणा दिसत नाही. त्यात सोसलेलं दुःख दिसतं.

मोजण्याची हौस दुसरीकडे फुलली. फ्रान्समध्ये फिलिबेर द मोंबेयार नावाच्या सरदारानं १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत वेळोवेळी मोजून लिहून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँनं ती आपल्या ग्रंथात छापली, आणि एका मुलाच्या वाढीची इतक्या वर्षांची सलग नोंद जगाला प्रथमच मिळाली. त्या नोंदीत एक गोष्ट लख्ख दिसते. वाढीचा वेग सगळ्यांत जास्त जन्मानंतरच्या महिन्यांत असतो आणि मग तो उतरत जातो. वयात येतानाची ती प्रसिद्ध उसळीसुद्धा पहिल्या वर्षाच्या पासंगाला पुरत नाही. पन्नास सेंटिमीटरचं बाळ वर्षात पंच्याहत्तरचं होतं. पहिले तीन महिने रोज पंचवीस-तीस ग्रॅम वजन वाढतं, पाचव्या महिन्याच्या आसपास ते जन्मवजनाच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट.

एवढा वेग येतो कुठून? मोठ्या मुलांची वाढ प्रामुख्यानं वाढीच्या संप्रेरकावर चालते. पहिल्या महिन्यांत त्याचा वाटा थोडा असतो. तेव्हा सूत्रं इन्शुलिन आणि त्याच्या कुळातल्या संप्रेरकांच्या हाती असतात, आणि ती मिळणाऱ्या पोषणाकडे पाहून चालतात. म्हणजे या काळात बाळ आपल्या वंशापेक्षा आपल्या परिस्थितीचं जास्त ऐकतं.

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण गुणांबद्दल असेल, उंचीबद्दल मात्र ती खोटी आहे. जन्माच्या वेळची लांबी पाहून पुढच्या उंचीचा अंदाज फारसा बांधता येत नाही. दोन वर्षांच्या मुलाकडे पाहून तो बऱ्यापैकी बांधता येतो. याचं कारण १९३८ साली केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड यांनी घोड्यांवर केलेल्या प्रयोगात सापडतं. त्यांनी धिप्पाड शायर आणि ठेंगू शेटलंड या दोन जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्हीकडच्या शिंगरांमध्ये आनुवंशिक वाटा सारखाच होता, पण शायर घोडीच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचं निघालं. जन्माच्या वेळचं माप आईच्या कुशीनं ठरवलेलं असतं. बाप त्यात मागाहून, हळूहळू उमटतो. म्हणून थोराड बापाचं आणि लहानखुऱ्या आईचं बाळ जन्मतः चणीनं लहान असतं आणि पहिल्या वर्षात आलेखावरची रेघ ओलांडून वर जातं. कधी याच्या उलट, मोठं जन्मलेलं बाळ आपल्या रेघेवर खाली येऊन स्थिरावतं. अशी किती बाळं ‘वाळली’ म्हणून उगाच औषधाला लागली असतील!

पण आईची कूस म्हणजे फक्त तिची उंची नव्हे. या ठिकाणी मला पुण्याजवळची सहा गावं आठवतात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बायका शेतकरी घरांतल्या, वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं अशी तुलना झाली. आपल्याकडचं सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तिकडचं ३.५. हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते पुढे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी जवळपास तिकडच्या बाळांइतकीच होती. दिसायला हडकुळं, आतून चरबी राखून असलेलं बाळ. याज्ञिकांनी त्याला कृश-स्थूल म्हणता येईल असं नाव दिलं. ज्या पोटाला टंचाईची सवय आहे त्या पोटातलं बाळ मांस सोडून देतं आणि चरबीची पुरचुंडी घट्ट धरून ठेवतं. पुढे चाळिशीत दारी येणाऱ्या मधुमेहाचा माग याज्ञिक तिथपर्यंत काढत गेले.

त्याच गावांतल्या आणखी दोन निष्कर्षांनी मी जास्त हलले. एक, बाळाच्या मापाचा संबंध आईच्या जेवणातल्या एकूण उष्मांकांशी फारसा लागला नाही. तो लागला पालेभाजी, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. म्हणजे भाकरी पोटभर मिळणं पुरेसं नव्हतं. दुसरा, गरोदरपणात अंगमेहनत जास्त तशी बाळं लहान, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी. आणि त्या मेहनतीच्या कामांमध्ये एक काम ठळक होतं, विहिरीवरून पाणी आणणं.

हे वाचताना मला माझ्या सासरच्या गावची विहीर दिसली. कठड्यावर दोरानं पडलेल्या खाचा, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन चढणाऱ्या बायका. त्यांतल्या पोटुशा बाया चढताना एक हात कमरेवर ठेवत. ती लकब मी शंभरदा पाहिली होती. तो हंडा बाळाच्या वजनातून वजा होतोय असं मनात कधी आलं नव्हतं.

आता दुधाकडे यायला हवं, कारण पहिल्या सहा महिन्यांत बाळाचं जग तेवढंच असतं. सुश्रुतानं बालवयाचे टप्पे आहारावरूनच पाडले आहेत, वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, त्यापुढे अन्नाद. वासरू दीड-दोन महिन्यांत दुप्पट वजनाचं होतं, आपल्या बाळाला पाच महिने लागतात. गायीच्या दुधात आईच्या दुधाच्या तिपटीहून अधिक प्रथिनं असतात ती यासाठीच. वासराला जन्मल्या दिवशी पायांवर उभं राहायचं असतं. आपल्या बाळाला मेंदू वाढवायचा असतो. जन्मतः पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास असलेला मेंदू वर्षाला नऊशेवर जातो, आणि बाळ निजलेलं असतानाही खर्च होणाऱ्या ऊर्जेतली निम्म्याहून जास्त तोच घेतो. आईचं दूध पातळ दिसतं, निळसर दिसतं, आणि लोक म्हणतात, ‘हिच्या दुधात कस नाही.’ दुधात साखर भरपूर आहे, ती मेंदूसाठी. प्रथिनं बेतानं आहेत, कारण सावकाश वाढणं हाच माणसाच्या वाढीचा बेत आहे.

मराठीत दूध वेगळं आणि पान्हा वेगळा. दूध अंगात तयार होतं, पान्हा फुटतो. गोठ्यातल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. अनोळखी हात लागला, कुत्रं भुंकलं, वासरू नजरेआड नेलं, की म्हैस पान्हा चोरते. कास भरलेली असते आणि धार येत नाही. शरीरशास्त्रानं याची उकल केली ती विसाव्या शतकात. दूध करणारं संप्रेरक एक, ते वाहतं करणारं दुसरं, आणि भीती, वेदना, संकोच या दुसऱ्याला अडवतात. अमेरिकेत न्यूटन पती-पत्नींनी १९४८ मध्ये एका आईवर हा प्रयोग केला. निवांतपणी पाजलं तेव्हा बाळाला एका वेळी सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावून, भराभर गणितं घालून तिला बेचैन केलं तेव्हा ९९. बेचैनी तशीच ठेवून पान्ह्याचं संप्रेरक टोचलं तेव्हा १५३. दूध होतं तिथेच होतं. सुश्रुतानं क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव ही दूध नाहीसं होण्याची कारणं सांगून ठेवली आहेत. बाळाच्या नुसत्या दर्शनानं, स्पर्शानं, आठवणीनंही दूध वाहू लागतं, हेही त्याच ग्रंथात आहे.

त्या चौथ्या दिवशी आमच्या खोलीत काय चाललं होतं ते मी या उजेडात पुन्हा पाहते. दार सारखं उघडत होतं. बघायला येणारा प्रत्येक जण ‘दूध येतंय का?’ विचारत होता. मुलगी झाली म्हणून एकीनं ‘असू दे’ म्हटलं, तेही लेकीनं ऐकलं होतं. आणि आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो. पाय बर्फात घालायचे तेवढे राहिले होते. पान्हा फुटेल कसा? मग वरचं दूध येतं, बाळ त्यानं निवतं, छाती कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, कारण जितकं रिकामं होतं तितकंच भरायचं हा तिथला नियम आहे. आठवड्याभरात ‘पुरत नाही’ हे वाक्य खरं ठरतं.

बाळंतिणीची जुनी खोली मला आता वेगळी दिसते. सव्वा महिना कामाला हात लावायचा नाही, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक, अंधारी उबदार खोली आणि बाळ कुशीत. विटाळाच्या नावाखाली ती बंद ठेवली जायची, आणि त्यातला अपमान मी पुसू इच्छित नाही. पण त्या बंद दारानं एक काम केलं. आईला निवांतपणा मिळवून दिला. त्याच खोलीत चिकाचं दूध काढून टाकत, मध चाटवत, सहाणेवर वेखंड-मुरडशेंगेची गुटी उगाळून देत. हे तिन्ही बाळाच्या वाटेत येणारं. चीक म्हणजे पहिली लस, आणि ज्या पाण्यात गुटी उगाळायची ते पाणी कुठलं हे कुणी पाहत नसे. पहिल्या महिन्यांत जुलाबाचं एक दुखणं आलं तरी कमावलेले पंधरा दिवस जातात. परंपरा सगळी घ्यावी किंवा सगळी टाकावी असं म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एकदा बसून यावं.

मालिशवाल्या मावशींबद्दल मात्र माझं मन स्वच्छ आहे. त्या पाटावर बसायच्या, पाय लांब करून त्यावर नातीला पालथी घालायच्या, आणि कोमट तेलाचा तळवा मानेपासून टाचेपर्यंत एकाच दाबानं उतरायचा. नात आधी कुरकुरायची, मग सुस्कारा टाकून सैल पडायची. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं असंच चोळून पाहिलं. दूध सारखंच मिळूनही त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगानं वाढलं. कोलंबियात बोगोटाच्या रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एदगार रेय यांनी १९७८ मध्ये नाजूक बाळं आयांच्या उघड्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली, आणि ती बाळं तगली, वाढली. कातडी ही भिंत आहे असं आपण समजतो. या वयात ते दार असतं.

मग त्या काट्याचं काय? मी काट्याच्या विरोधात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन नवजात बाळांचं वजन करत, ऊब तपासत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात त्या याच वाटेनं. दृष्टीच्या भीतीनं न मोजलेली किती बाळं हातची गेली असतील! प्रश्न असतो तो काटा कुणाची परीक्षा घेतोय असं आपण मानतो याचा.

आणि मापच चुकीचं असेल तर? अनेक वर्षं जगभरच्या दवाखान्यांत लावलेला वाढीचा तक्ता अमेरिकेतला होता, १९७७ चा. त्यातला तान्ह्या बाळांचा भाग ओहायोतल्या एका लहान गावाभोवतालच्या बाळांवरून काढलेला होता, आणि ती बाळं बहुतांशी बाटलीवर वाढलेली. बाटलीची बाळं तीन-चार महिन्यांनंतर अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा जड होत जातात. त्या तक्त्यावर मांडलं की अगदी निरोगी, अंगावर पिणारं बाळ चौथ्या महिन्यात मागे पडलेलं दिसे. जगभर किती आयांना त्या रेघेनं ‘तुझं दूध पुरत नाही’ असं सांगितलं असेल, याचा विचार केला की जीव कळवळतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं मग १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी नवी मोजणी केली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानामधलं आक्रा, ओमानमधलं मस्कत, नॉर्वेतलं ऑस्लो, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दिल्ली. साडेआठ हजारांच्या आसपास मुलं. अटी होत्या आईचं दूध, सिगारेट न ओढणारी आई, आणि वाढीला आडवी येणार नाही अशी घरची परिस्थिती. २००६ मध्ये नवे तक्ते आले. बाळांच्या लांबीत जो फरक दिसला त्यातला जेमतेम ३ टक्के देशादेशांमधला होता. त्याहून कितीतरी पट फरक एकाच गावातल्या बाळाबाळांत असतो तो. दिल्लीचं बाळ आणि ऑस्लोचं बाळ, दोघांना सारखं घर मिळालं तर सारखीच वाढतात. ‘आपली मुलं लहानखुरीच असतात’ हे मी जन्मभर ऐकलेलं वाक्य तिथे गळून पडलं. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतली बाळं लहान होती, ती लहान असायलाच हवी होती असं नव्हे. अर्थात ४२ किलोच्या आईची कूस एका पिढीत बदलत नाही. आज आजीच्या वयात आलेली, एकेकाळची कुपोषित मुलगीही त्या बाळाच्या मापात असते.

नात चौदाव्या दिवशी जन्मवजनाच्या पुढे गेली. वरचं दूध आम्ही तोवर बंद केलं होतं, एका जाणत्या आशाताईच्या धीरावर. तिनं काही औषध दिलं नाही. दोन दिवस माणसं खोलीबाहेर काढली, बाळ लेकीच्या छातीवर उघडंच ठेवलं, आणि मला म्हणाली, ‘मावशी, तुम्ही फक्त तिला खायला घाला आणि झोपू द्या.’

यंदा चैत्रात सासरच्या गावी गेले होते. अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. ताईंनी काटा शून्यावर आणला, झोळीतलं बाळ स्थिर होईपर्यंत थांबल्या, आणि कार्डावर ठिपका काढला. तीन महिन्यांची मुलगी. मागच्या ठिपक्याला हा नवा ठिपका जोडला तर रेघ जवळपास आडवी जात होती. आई विशीतली, किडकिडीत, ओठ चावत उभी. शेजारी सासू. मला वाटलं आता ‘अंगावरचं पुरतं का?’ हा प्रश्न येणार. ताईंनी बाळाला झोळीतून काढून आईच्या हाती दिलं, पदराखाली घ्यायला खुणावलं, आणि मग विचारलं,

‘घरी पाणी कोण भरतं गं?’

पोरगी बोलली नाही. तिनं सासूकडे पाहिलं.

‘नळ तिसऱ्या दिवशी येतो,’ सासू म्हणाली. ‘मधल्या दिवशी विहिरीवर जावं लागतं. हीच जाते. मला गुडघ्यांनी होत नाही.’

‘आणि तुमचा लेक?’

सासू थोडा वेळ काही बोलली नाही. मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, ‘त्याला कुणी सांगितलंच नाही कधी.’

‘मी सांगते. संध्याकाळी घरी असतो ना?’ ताईंनी वहीत वजन लिहिलं, आणि त्या वजनासमोर बाळाच्या बापाचं नाव लिहून घेतलं.